धाकट्याच्या कवटीचा तुकडा

आमच्या घरात राग आधी हाताला कळतो, मग डोक्याला. त्या दुपारी नवेगाव बांधाकडच्या आमच्या बोडीवर, म्हणजे शेतापुरत्या छोट्या तलावावर, धाकट्या भावाने माझ्या बांधीचं, म्हणजे धानाच्या खाचराचं, पाणी स्वतःकडे वळवलं. धान निसवायला आला होता, लोंब्या फुटायच्या बेतात. मी शिव्या दिल्या, तो हसला, आणि मी फावड्याचा दांडा त्याच्या डाव्या कानाच्या वर हाणला. छपराचं कवेलू फुटल्यासारखा आवाज आला.

तो चिखलात बसला, उठला, "झालं तुयं समाधान?" म्हणाला आणि चालत घरी गेला. रक्त थोडंच होतं. भात खाऊन झोपला. रुसला असेल म्हणून कोणी उठवलं नाही; आमच्याकडे मार खाल्लेला माणूस झोपतोच. तासाभराने आई हलवायला गेली, तर तो ओकाऱ्यात पडलेला आणि एका डोळ्याची बाहुली भलतीच मोठी झालेली.

गोंदियाच्या दवाखान्यात मी सांगितलं, बोडीच्या पाळीवरून, बांधावरून पडला. डॉक्टरने जखमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मेंदू सूज गया है," तो म्हणाला. "साकळलेलं रक्त काढू, हाडाचा तुकडा काढून ठेवू, नाहीतर मेंदूला जागाच नाही. बचेगा की नहीं, बोल नहीं सकता."

सहीच्या कागदावर नातं लिहायचं होतं. मोठा भाऊ, मी लिहिलं. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

तो वाचला. तळहाताएवढं हाड सूज उतरेपर्यंत त्याच्याच पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवलं होतं. डोक्याची डावी बाजू खोलगट झाली, तिथली कातडी धडधडताना दिसे. उजवा हात लुळा. आई विचारी, तेव्हा तो म्हणे, काही आठवत नाही. मी रोज त्याला भरवत होतो आणि सुटलो म्हणून मनातून खूशही होतो. असा मी हलकट.

तीन महिन्यांनी हाड परत बसवायला नेलं. डॉक्टरने त्यालाच विचारलं, कसं लागलं?

"पाळीवरून पडलो," तो म्हणाला. "दादानं उचलून आणलं."

डॉक्टर गेल्यावर त्याने डाव्या हाताने माझी कॉलर ओढली.

"मले सप्पा आठवते. तुले पोलिसानं नेलं असतं त आईले कोनं पोसलं असतं? हाड बसू दे. मंग पायतो तुले."

मी हो म्हणालो. तो उजवी मूठ आवळायला पाहत होता, बोटं वळत नव्हती, आणि मी देवाजवळ एवढंच मागत होतो, की ती वळू देत.