उसनी माणसं

कचेरीत तिला सगळे सरासरीताई म्हणत. खोऱ्यांचे आकडे मिळवून जिल्हा करायचा, जिल्हे मिळवून देश, आणि त्या देशाची एक ओळ जगाच्या अहवालात धाडायची, हे तिचं काम. एखाद्या खोऱ्याचं उत्तर आलं नाही, तर आसपासच्या खोऱ्यांची सरासरी काढून ती जागा भरायची. त्याला तिथे 'शेजारून उसनं घेणं' म्हणत, वाटीभर साखर आणल्यासारखं.

वरच्या खोऱ्याचं उत्तर कैक वर्षं आलं नव्हतं. पाठवणार कोण? सगळे खाली शहरात उतरलेले. मागे उरली होती ताईची मावशी, तिचा खोकला आणि तिचा हट्ट. तरी ताई दर वर्षी बिनदिक्कत तिथं माणसं भरायची, बाळं जन्माला घालायची, पोरं शाळेत धाडायची.

मग एका दुपारी मावशी फोनवर सहज बोलून गेली, की शाळेत परत पोरं यायला लागलीत. ताईला हसू फुटलं. त्या शाळेला छप्पर तरी उरलंय का, असं तिने विचारलं, तशी मावशी फणकारली.

"म्हातारी झालेय मी, आंधळी नाही. गुणाची आहेत बिचारी. हाक मारली तर वळून बघत नाहीत, एवढंच. आणि सगळी एकाच उंचीची गं. तसूभर कमीजास्त नाही."

ती उंची ताईला पाठ होती. शेजारच्या खोऱ्यांतल्या पोरांची सरासरी काढून तिनेच भरली होती.

ती तडक साहेबांकडे गेली. यंदा तिथं खरं तेच लिहू, म्हणाली. एक माणूस. साहेबांनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. लिहायला हरकत नव्हती. फक्त एकट्या माणसाचा आकडा वेगळा छापत नाहीत, तो ओळखू येतो. खोरं शहरात मिळवलं जाणार.

"आणि मावशी?"

"असेल की शहराच्या आकड्यात. तिथं कोण हरवतंय, ताई?"

त्या पोरांच्या घोळक्यात मावशीला ठेवणं ताईला सहन होईना. तिने एकचा आकडा लिहिला. पडद्यावरची खोऱ्याची ओळ शहराच्या ओळीत विरून गेली. तिने लगेच फोन लावला. आधी ओळखीचा खोकला आला आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"चुकीचा नंबर लागला बाई," मावशीचाच आवाज म्हणाला. "इथं कुणी राहत नाही."

फोन बंद झाला. ताईने तो एक खोडला, खोऱ्याची ओळ शहरातून सोडवली आणि शेजारून होतं नव्हतं तेवढं सगळं उसनं आणून भरलं. साहेबांनी विचारलं, तेव्हा घाईत चुकलं म्हणाली. मग परत फोन.

"होतीस कुठं गं?" मावशी खुशीत होती. मागे पोरांचा एकसुरी पाढा चालला होता. "वाट बघत होतो आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही गं, सगळी."

आवाज स्वच्छ होता, तरुण, घासून गुळगुळीत केल्यासारखा. ताई फोन कानाशी धरून खोकल्याची वाट बघत बसली.