टाळ्यांनी मंजूर न झालेला ठराव

सेक्रेटरीकाकांना कुणी "नाही" म्हटलं की ते खुर्ची पुढे ओढून बसत. "बोला, का नाही?" असं विचारताना त्यांचा चेहरा इतका उत्सुक असे, की भांडायला आलेल्या माणसाचीच पंचाईत व्हायची. काका मूळचे पुण्याचे, पण आंग मो किओ भागातल्या कारखान्यात उभी नोकरी करून सिंगापूरचेच नागरिक झालेले. निवृत्तीनंतर आमच्या क्लबच्या सभासदांनी त्यांना सेक्रेटरी म्हणून निवडून दिलं आणि पुणेकराला आयतं व्यासपीठ मिळालं.

इथे खासदार आठवड्यातून एकदा राहत्या इमारतींखाली टेबल मांडून लोकांची गाऱ्हाणी ऐकतात. काकांना त्याचं फार कौतुक. "त्यांना जमतं, मग मला काय धाड भरलीय?" असं म्हणत तेही दर रविवारी सकाळी क्लबच्या कॅन्टीनमध्ये कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन बसू लागले. मी समितीत बॅडमिंटनचा प्रतिनिधी. त्यामुळे कोर्टावरच्या दिव्यांपासून नूडल्समधल्या मिठापर्यंत सगळी गाऱ्हाणी शेजारी बसून ऐकणं माझ्या नशिबी आलं.

एका रविवारी लिम आंटी आल्या. त्यांचे यजमान लिम अंकल हे निवृत्त टॅक्सीचालक आणि काकांचे बॅडमिंटनमधले जोडीदार. पण हल्ली ते कोर्टावर दिसतच नसत. क्लबच्या जॅकपॉट रूममध्ये, म्हणजे जुगाराच्या मशीनच्या खोलीत, शिरले की जेवायचीही शुद्ध राहत नसे. घरच्यांनी अर्ज केला तर माणसाला अशा जागी बंदी होते, हे काकांनी सांगून पाहिलं. आंटींनी मान हलवली. "आय साइन, ही नेव्हर टॉक टू मी अगेन लाह. यू टेक अवे द मशीन." काकांनी शब्द दिला, मशीन जातील. एरवी सभासदांना विचारल्याशिवाय पंखा न हलवणाऱ्या माणसाने असा शब्द दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

काम सोपं नव्हतं. सरकारने नियम कडक केले होते, तरी आमच्या क्लबचा परवाना शिल्लक होता आणि त्या मशीनच्या जिवावरच आम्हाला कोर्ट आणि जेवण स्वस्त मिळे. सर्वसाधारण सभेत काका मनापासून बोलले. शेवटी आपल्या मंडळांत विचारतात तसं त्यांनी विचारलं, "सगळ्यांची संमती आहे असं समजू ना?" टाळ्यांचा कडकडाट झाला. ठराव मंजूर! काकांची हयात गणेशोत्सवाच्या समित्यांत गेलेली. तिथे हात मोजायची वेळ कधी आलीच नव्हती.

पुढच्या रविवारी टेबलापुढे रांग लागली. "अंकल, वी क्लॅप फॉर युअर स्पीच ओन्ली," एक तमिळ गृहस्थ ओशाळून म्हणाले. त्यांच्यामागचे चिनी, मलय सभासदही तेच सांगत होते.

मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, इतिवृत्तात मंजूर झालंय. आता गप्प बसा."

"त्यांनी हो म्हटलेलं नाही, हे मला आता कळलंय," काका म्हणाले. "कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू?"

त्यांनी स्वतः गुप्त मतदान घेतलं आणि सपशेल हरले. मशीन राहिल्या. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

आंटींना सांगायला मात्र ते मला घेऊन त्यांच्या घरी गेले. आंटींनी आत या म्हटलं नाही. "बिफोर, ऑलरेडी कॅन. व्हाय यू आस्क अगेन?" एकदा मंजूर झालेलं पुन्हा का विचारलंत, असा त्यांचा सवाल होता. लिफ्टमध्ये ते हळूच म्हणाले, "माझं चुकलं असं मला वाटत नाही रे. पण भोगायचं तिला आहे."

पुढच्या निवडणुकीत सभासदांनी त्यांना पाडलं. पद गेलं, टेबल राहिलं. आता ते विरोधात मत दिलेल्यांना शोधून त्यांच्यापाशी बसत. मशीनशिवाय क्लब कसा चालवायचा याची आकडेमोड त्यांच्याकडूनच करून घेत. लिम अंकलना तर ते दर आठवड्याला हटकून विचारत, "तुझं मत काय?" अंकल सरळ जॅकपॉट रूममध्ये निघून जात. त्याच काळात मशीनमध्ये गेलेल्या पैशांपायी लिम दांपत्याला राहता फ्लॅट विकून भाड्याच्या खोलीत जावं लागलं. मग काकांचं हृदय बिघडलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला.

ठराव पुन्हा आला तेव्हा तो काकांच्या त्या आकडेमोडीसह मी मांडला. अध्यक्षांनी हात वर करायला सांगितलं. पहिला हात लिम अंकलचा होता. मशीन गेल्या. मी फोन केला तेव्हा काकांना धाप लागत होती, तरी ते पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "लिमने? स्वतःहून?"

काही आठवड्यांनी काका गेले. ते सांगायला मी लिम दांपत्याच्या नव्या घरी गेलो. ऐकताच अंकल भिंतीकडे तोंड करून रडू लागले. आंटी दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागे ती एवढीशी खोली आणि न उघडलेली खोकी दिसत होती.

"आय स्टिल अँग्री विथ हिम," त्या काकांबद्दल म्हणाल्या, आणि माझा हात धरून त्याही रडू लागल्या.