मामांची स्वस्तातली इटली

माझ्या सासऱ्यांची एक विलक्षण सवय होती. घरातलं शेवटचं माणूस जेवायला बसल्याशिवाय ते घास उचलायचे नाहीत. ताटात गरम भाकरी, वाटीत वाफाळता रस्सा, पोटात भूक, आणि हे गृहस्थ दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसलेले. त्यातही 'शेवटचं माणूस' म्हणजे बायकासुद्धा त्यात आल्या! मी कळवणकडच्या एका शिक्षकाची लेक. आमचे वडील समतेवर तासभर बोलायचे आणि आई मात्र सगळ्यांचं आटोपल्यावर चुलीपुढे बसून उरलंसुरलं खायची. इथे लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासऱ्यांनी हाक मारली, "सूनबाई, तुझं ताट कुठाय?" मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मी घाबरून त्यांच्याच ताटात आणखी एक भाकरी वाढली.

त्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूबाईंना आत्याबाई. माझं लग्न झालं तेव्हा सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकला सातपूरच्या कारखान्यांच्या बाजूला आमची वसाहत होती. बहुतेक घरं आमच्यासारखीच, बौद्ध कुटुंबांची. कुणी कामगार, कुणी कारकून, कुणी मास्तर. तिथे मामांना सगळे 'इटलीवाले' म्हणायचे. मला आधी वाटलं, हे आडनाव असेल. मग कळलं, मामा फिटर होते आणि कारखान्यात इटलीची यंत्रं आली तेव्हा ती शिकून यायला साहेबांनी त्यांनाच तिकडे धाडलं होतं. जाताना आत्याबाईंनी लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी आणि कडक बाजरीच्या भाकऱ्या बांधून दिल्या होत्या. मामा ते सगळं तिथल्या लोकांना वाटून मोकळे झाले आणि बदल्यात तिथलं एक भलतंच खूळ घेऊन आले.

ते खूळ म्हणजे तांबडी वाइन. मामा तिकडे एका मुकादमाच्या घरी उतरले होते. संध्याकाळ झाली की मुकादमाची म्हातारी आई "आ तावोला!" म्हणून ओरडायची, म्हणजे 'चला जेवायला'. मग आजा, नातू, सुना, जावई सगळे एका मेजाभोवती बसायचे आणि मधोमध वाइनचा तांब्या. म्हातारी घोटभर घ्यायची, सूनही घ्यायची आणि कुणी झिंगायचं नाही, कुणी कुणाला मारायचं नाही. मामा हे सांगायला लागले की ऐकणारा गोंधळून जायचा. दारू आणि सासू एका मेजावर, हे आमच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मामांचा त्या मुकादमाच्या घरच्यांशी घरोबा झाला होता. त्याच गावचा पिएत्रो नावाचा मेकॅनिक दरवर्षी दिवाळीनंतर यंत्रं तपासायला नाशिकला यायचा, तो सामानातून मामांसाठी बाटल्या आणायचा. बुडाला वाळक्या गवताची टोपली विणलेल्या, गोलमटोल. शेजारचे डोळे मोठे करून म्हणायचे, "मामा, फॉरेनची म्हणजे लय भारी असणार!" त्यावर मामांना मनापासून राग यायचा. "अहो, सगळ्यात स्वस्तातली आहे! कामगार माणसाची आहे. भारीतली साहेबाला लखलाभ." आपल्याकडची वस्तू स्वस्त आहे हे पटवून देण्यासाठी एवढा जीव तोडून भांडणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. लोक मात्र खालच्या आवाजात एकमेकांना सांगायचे की म्हातारा किंमत लपवतोय.

ती कशाबरोबर घ्यायची, याचेही त्यांचे नियम होते. मटणाच्या रश्श्याबरोबर उत्तम. वांग्याच्या भरिताबरोबर बरी. शेवभाजी तिखट असेल तर आधी दोन घास भाकरी, मग घोट. पिठलं? "पिठल्याबरोबर नाय जमत. दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत," असं म्हणायचे. पहिल्या वर्षी त्यांनी नवी बाटली उघडून माझ्यासमोर धरली. "नुसता वास घे, सूनबाई. पिऊ नकोस." मी घेतला. पिकलेल्या जांभळांचा आणि ओल्या मातीचा वास आला. चांगला होता हो! आणि दारूचा वास चांगला कसा काय वाटला, या विचाराने माझी झोप उडाली.

आता आत्याबाईंकडे येते. त्या नामपूरच्या. बोलणं नाशिकचं, पण चिडल्या की माहेरची अहिराणी बाहेर पडायची. आमच्या विहारात बायकांची वंदना त्याच सांगायच्या. पहिली बाटली चटईवर येऊन बसली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "हाई काय शे?" मामांनी सांगितलं. त्यांनी आपलं ताट उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. तिथूनच म्हणाल्या, "पाचवं शील मी शंभर बायकांकडून म्हणवून घेते, दारूला शिवणार नाही म्हणून. आणि घरी येऊन दारूसमोर जेवू? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अगं, नशा करू नये असं शील आहे," मामा म्हणाले. "ह्यात नशा कुठाय? घोटभर घ्यायची. हे प्यायचं नसतंच, जेवणाला लावायचं असतं. कोरड्यास समज."

"कोरड्यास मी करून ठेवलंय कढईत."

झालं! मामा सगळे बसल्याशिवाय जेवायचे नाहीत आणि आत्याबाई बाटली असेपर्यंत बसायच्या नाहीत. दर रविवारी पुढच्या खोलीत मामा हात मांडीवर घेऊन बसलेले, आत आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, आणि मधल्या दारात मी, हातात रश्श्याचं पातेलं. कुणाला आधी वाढू? आमचे हे तर वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसायचे. मामांचं बघून मन तुटायचं आणि आत्याबाईंचं ऐकलं की त्यांचंही पटायचं. पातेलं मात्र गार व्हायचं. शेवटी मामा दोन घास कसेबसे ढकलायचे आणि वाइन तशीच ठेवून उठायचे. उरलेल्या बाटलीला बूच मारून स्टोव्हच्या वरच्या फळीवर ठेवायचे.

एकदा मी हिंमत करून म्हटलं, "मामा, सोडून द्या ना ती बाटली. आत्याबाई बसतील."

त्यांनी फळीवरच्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिकडं ती म्हातारी रोज विचारायची, तुझी बायको आता कुणाबरोबर जेवत असेल? लग्न झाल्यापासून तिकडं जाईपर्यंत ही माझ्याबरोबर कधी जेवलीच नव्हती. ती बाटली मधे ठेवली की ते घर आठवतं गं. मला वाटलं, आपलंही तसं होईल." आणि मग मला काहीच कळेना. ज्या वस्तूमुळे बायको जवळ बसावी असं त्यांना वाटत होतं, तिच्याचमुळे ती उठून गेली होती. यात चूक कुणाची म्हणायची?

पुढच्या वर्षी पिएत्रोने नव्या बाटल्या आणल्या. पहिल्या रविवारी पुन्हा तोच प्रकार. दुसऱ्या रविवारी मी मटण वाढत होते आणि आत्याबाई आपलं ताट घेऊन बाहेर आल्या. कुणी बोलावलं नाही, कुणी समजूत काढली नाही. आल्या आणि मामांच्या शेजारी बसल्या. आमच्या ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र गळालं. मामांनी पेल्यात थोडी ओतली, घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा एकदम कच्ची कैरी चावल्यासारखा झाला. डोळ्यांत पाणी तरळलं. क्षणभर ते आत्याबाईंकडे बघत राहिले. मग जोरात म्हणाले, "वा! आज जेवणाला चव आली!"

तेव्हापासून आमचे रविवार पालटले. काय हसायचो आम्ही! मामा इटलीच्या गोष्टी सांगायचे, म्हातारीची नक्कल करायचे, आत्याबाईंना "सिन्योरा, भाकरी देता का?" म्हणायचे आणि आत्याबाई लाजून "काहीतरीच!" म्हणत भाकरी द्यायच्या. लग्नाला तीसेक वर्षं झालेली माणसं, पण नुकतीच ओळख झाल्यासारखी बोलायची. मामा प्रत्येक घोटाला डोळे मिचकावून "वा!" म्हणायचे. पहिल्या वर्षीचा तो जांभळांचा वास मात्र पंगतीत पुन्हा कधी आला नाही. आता नाकाला झोंबणारा आंबट दर्प यायचा. मी विचारलं तर म्हणाले, "शिळी झाली की अशीच लागते." मी म्हटलं असेल बाबा, आपल्याला काय कळतंय इटलीतलं.

मग एका रविवारी पिएत्रो स्वतः जेवायला आला. दारातच त्याने हात जोडून "जय भीम" केला, वसाहतीतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मामांनी फळीवरची बाटली काढून त्याला ओतून दिली. त्याने घोट घेतला मात्र, तो ठसकलाच! लालबुंद होऊन काहीतरी बडबडायला लागला, पेल्याकडे बोट दाखवायला लागला. मामांनी त्याच्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात त्याच्या भाषेत चार शब्द बोलले. पिएत्रोने आत्याबाईंकडे पाहिलं. मग पेला उचलून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला आणि आत्याबाईंना वाकून म्हणाला, "ब्राव्हा, सिन्योरा!" ब्राव्हा म्हणजे शाब्बास. आत्याबाईंना वाटलं, रस्सा आवडला. त्यांनी त्याला आणखी वाढला.

दुसऱ्या दिवशी मामा अंगणात सायकल पुसत होते. मी जाऊन उभी राहिले. "मामा, ती बाटली नासलेली असते ना? पिएत्रोचं तोंड बघितलं मी. मग तुम्ही पिता कशाला?"

"बूच मी घट्ट मारतो, सूनबाई," ते म्हणाले. "कारखान्यात माझ्या हातचं तेल कधी गळत नाही, मग बाटलीत वारा शिरेल का?" आणि साखळीला तेल घालायला लागले. मी प्रश्न काय विचारला आणि हे उत्तर काय देतायत, याचा मला मेळच लागेना. जरा वेळाने मान वर न करताच म्हणाले, "नासलीबिसली काही नाही. पंगत बघ ना आपली. कशी भरलेली असते! तू कुणाला काही बोलू नकोस." मी बोलले नाही. बोलायला मला काही कळलं तर पाहिजे ना!

अशी वर्षं गेली. मामा निवृत्त झाले, पिएत्रो यायचा थांबला तरी कुणाकुणाच्या हाती बाटली पाठवत राहिला. आणि ऐंशीचं दशक सरता सरता एका सकाळी मामा दाढी करता करता खाली बसले ते उठलेच नाहीत. सगळी वसाहत लोटली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजींच्या मागोमाग आत्याबाई खणखणीत आवाजात वंदना म्हणाल्या. कुठेही अडखळल्या नाहीत. मीच रडत होते.

पाहुणे गेल्यावर दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघर आवरत होतो. आत्याबाई मध्येच हातातला फडका ठेवून खाली बसल्या.

"सूनबाई, एक विचारू? त्यांना कळलं होतं का गं?"

"काय, आत्याबाई?"

"मी त्या बाटलीत विरजण लावायचे ते."

मी त्यांच्यासमोर बसले. त्या सांगायला लागल्या. पहिल्या वर्षीची उरलेली बाटली फळीवर आंबून गेली होती. त्यांनी ओतून टाकायला म्हणून काढली तर सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास आला. भंतेजींना जाऊन विचारलं, सिरका म्हणजे दारू का? ते म्हणाले, नाही. मग काय! दुधाला विरजण लावते तसंच आत्याबाई दर नव्या बाटलीला लावत गेल्या. जुनी संपायच्या आधीच मामा नवी उघडून बूच मारून ठेवायचे; तशी ठेवली की आत्याबाईंनी बूच काढायचं, जुन्यातलं वाटीभर आत ओतायचं, तोंडाला फडकं बांधून उबेला ठेवायचं, आणि शनिवारी बूच परत जसंच्या तसं. रविवारपर्यंत तिची दारू राहायचीच नाही.

"शीलही मोडायचं नव्हतं आणि त्यांच्याशेजारी बसायचंही होतं," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करणार होते मी? पण आता मन खातंय. एवढी एकच हौस होती माणसाची आणि ती मी नासवली. त्यांना कळलं नसेल ना गं? नाही म्हण."

सायकलीपुढे दिलेलं ते उत्तर मला आत्ता कुठे उमगलं. बाटलीत वारा आपोआप शिरला नव्हता, हे त्यांना ठाऊक होतं. नाही म्हणावं की हो म्हणावं? नाही म्हटलं असतं तर त्यांना झोप लागली असती. पण त्या माणसाने इतकी वर्षं जे केलं, ते मग कुणालाच कळलं नसतं.

"कळलं होतं, आत्याबाई. पहिल्या घोटालाच."

त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मग पीत कशाला राहिले?"

"तुम्ही बसायच्यात म्हणून."

दिवसभर कोरडे राहिलेले त्यांचे डोळे तेव्हा भरून आले. पदर तोंडाशी नेत त्या म्हणाल्या, "अगं, मग तसं सांगायचं ना मला. एकदा तरी चांगली पिऊ दिली असती."