दाजींनी जुळवलेलं कॉलेज

आमच्या दाजींनी जुळवलेली लग्नं उद्या एका दिवसात मोडली, तर कोल्हारपासून शिर्डीपर्यंतच्या रस्त्यावर निम्म्या घरांत स्वयंपाकाला माणूस उरणार नाही आणि उरलेल्या निम्म्या घरांत भांडायला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहात्याजवळ त्यांची पेरूची बाग आहे, पण ती आपली सातबाऱ्यावर. खरा जीव स्थळं जुळवण्यात. हे काम ते फुकट करतात. लग्नात आपल्या पानावर बुंदी दुसऱ्यांदा विचारली जावी, एवढीच अपेक्षा. लग्नाच्या वयाचा आणि मोकळा असा माणूस दिसला की त्यांना अस्वस्थ होतं. एकदा एसटीत कंडक्टरने त्यांना तिकीट विचारलं, तर त्यांनी कंडक्टरला गाव, आजोळ आणि जमीन विचारली. पुढच्या वैशाखात त्या कंडक्टरचं लग्न झालं. दशक्रियेला गेले, तरी कावळा शिवेपर्यंतच्या वेळात एखादं स्थळ दोन बोटं पुढे सरकवून येतात. गेलेला माणूस चांगला असेल तर कावळा लवकर शिवतो आणि दाजींचं काम अर्धवट राहतं, त्यामुळे चांगल्या माणसांच्या दशक्रियेहून ते जरा खट्टू होऊन परततात.

स्थळ बघण्याची त्यांची रीत वेगळी. ते दिवाणखान्यात बसतच नाहीत. आधी गावातल्या पिठाच्या गिरणीवर जातात, कारण घर कसं आहे ते शेजाऱ्यापेक्षा गिरणीवाल्याला जास्त ठाऊक असतं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या घरी जाऊन पाणी मागतात आणि पाणी पिण्याऐवजी ते कोण आणून देतंय, हे बघत राहतात. शेवटी गोठ्यात जातात. ‘गुरांना जीव लावनारं घर सुनंला जाचत न्हाई,’ हा त्यांचा सिद्धान्त. त्याहून मोठा सिद्धान्त म्हणजे, बेताच्या पोराने नेहमी एक पायरी वरचं स्थळ मागावं. ‘बरोबरीचं मागितलं की लोक खालचं देत्यात,’ ते सांगतात. ‘वरचं मागितलं की विचार तरी करत्यात.’ या तत्त्वावर त्यांनी अशा काही जोड्या लावून दिल्या आहेत की लग्नाच्या फोटोत नवरा अजूनही चकित झालेला दिसतो.

तर गेल्या वर्षी आमच्या ऋतुजाचा, म्हणजे माझ्या मुलीचा, बारावीचा निकाल लागला. चौसष्ट टक्के. प्रवेशपरीक्षेतही तीच तऱ्हा. रडावं इतकं वाईट नाही आणि पेढे वाटावेत इतकं चांगलं नाही. पहिल्या आलेल्यांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर झळकतात, नापास झालेल्यांची घरचे समजूत काढतात. चौसष्टवाल्यांचं काय करायचं, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. मला काही सुचत नव्हतं. तिला मात्र पक्कं सुचलेलं होतं. अन्नतंत्रज्ञान शिकायचं. हे खूळ दाजींच्याच घरचं. लहानपणापासून तिच्या सगळ्या सुट्ट्या अक्काकडे गेल्या, आणि भाव पडला की दाजी जे पेरू गाईला घालत, त्यांची जेली करण्याचा उद्योग तिने अक्काच्या स्वयंपाकघरात मांडला होता. जेली कधी वडीसारखी घट्ट व्हायची, कधी आमटीसारखी राहायची. असं का होतं, ते तिला शिकून घ्यायचं होतं. या विषयाचं सगळ्यात नावाजलेलं कॉलेज पुण्याला, त्याखालोखाल परभणीला, आणि एक नवं खासगी कॉलेज आमच्याच भागात, जिथे चौसष्ट टक्क्यांना सहज प्रवेश मिळणार होता.

निकाल कळताच दाजी मोटरसायकलवरून कोल्हारला हजर झाले. मी मान खाली घालून आकडा सांगितला. ‘चौसष्ट?’ दाजी म्हणाले. ‘पाव्हणं, छत्तीसातले अठरा गुन जुळले तरी लगीन लागतं. हिचे तर चौसष्ट हायेत.’ हे शंभरातले आहेत, असं मी सांगून पाहिलं. ‘मग कॉलेजाची पत्रिका काढा, बाकीचे छत्तीस त्याच्यात निघतील,’ असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला आणि त्याच दिवशी आम्हाला जवळचं कॉलेज ‘बघायला’ नेलं. तिथे गिरणी नव्हती म्हणून त्यांनी कॅन्टीनवाल्याला गाठलं आणि इथे दिलेल्या पोरी सुखी आहेत का, ते विचारलं. वसतिगृहात पाणी मागितलं. गोठा कुठे आहे, असंही विचारलं. हे अन्नतंत्रज्ञानाचं कॉलेज आहे, असं पहारेकऱ्याने सांगितल्यावर ‘मग दूध कुठनं आनता?’ म्हणाले. तेवढ्यात कॉलेजचे संचालक बाहेर आले. त्यांनी आम्हाला आत नेऊन चहा दिला, बिस्किटं दिली आणि मुलीचा प्रवेश नक्की समजा, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. दाजींनी चहा पिण्याआधी कप दोन्ही हातांत घेऊन क्षणभर धरला. तो होकाराचा चहा होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

ते कळलं फॉर्म भरायच्या दिवशी. अक्काच्या घरी दुपारी जेवणं झाल्यावर ऋतुजा मोबाईल घेऊन बसली. कॉलेजांची नावं पसंतीच्या क्रमाने द्यायची होती. मी हायस्कुलात मराठी शिकवतो आणि माहितीपुस्तिका मराठीत होती, पण ते मराठी मला येत नव्हतं. दाजींना पुस्तिकेची गरजच नव्हती. ‘पयलं नाव आपल्या जवळच्या कॉलेजाचं,’ ते म्हणाले. ‘ज्यानं चहा पाजला त्याचं नाव वर. त्याच्याखाली पुनं मागा, परभनी मागा, मंगळावरचं मागा. पन होकार दिल्यालं घर खाली बसवायचं न्हाई.’

त्यांच्या धंद्यात हे अगदी बरोबर होतं. ज्या घराचा होकार आला, त्याचं नाव बैठकीत आधी घ्यायचं, मान द्यायचा आणि मग हळूच वरचं बघायचं. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. पोरगी जवळ राहील, संध्याकाळी घरी येईल आणि चौसष्ट टक्क्यांचं झाकलेलं झाकलेलंच राहील.

‘मामा, यात तसं नसतं,’ ऋतुजा म्हणाली. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. ‘यात वरून खाली बघत येतात. पहिलंच नाव मिळालं की तेच घ्यावं लागतं. मग खालची नावं कुणी उघडूनसुद्धा बघत नाही.’

‘कोन बघतं?’

‘संगणक.’

‘त्याला रीतभात शिकवली न्हाई व्हय कुनी? होकार दिल्याल्या मानसाला शेवटच्या पंगतीला बसवायचं म्हंजी काय?’

‘त्याला चहा पाजलेला कळत नाही, मामा.’

दाजी दुखावले. लग्न जुळवण्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला पोरीने रीत शिकवावी, हे काही बरं दिसलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी पुस्तिकेकडे पाहिलं. फॉर्म त्याच संध्याकाळी बंद होणार होता. ऋतुजाने मोबाईल बाजूला ठेवला आणि अगदी गरीब चेहरा करून विचारलं, ‘मामा, तुम्ही आत्याला मागायला आलात, तेव्हा तुमच्यासाठी दुसरं स्थळ होतं का हो?’

‘होतं की,’ अक्का स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘अस्तगावचं.’

‘त्यांचा होकार होता?’

‘व्हय,’ दाजी म्हणाले. ‘नारळ तेवढा द्यायचा राहिला हुता.’

‘चहा झाला होता?’

‘चहा काय, जेवन झालं हुतं. पुरनपोळीचं.’

‘मग तुम्ही रीतीप्रमाणे त्यांचं नाव वर ठेवलं असतं तर?’

अक्का ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली. मला तो दिवस आठवत होता. आठवी नापास झालेला, उसन्या सदऱ्यातला हा माणूस मॅट्रिक झालेल्या माझ्या बहिणीला मागायला आला होता आणि आमचे वडील आधी हसले होते. दाजी बराच वेळ अक्काकडे बघत राहिले. एवढी वर्षं संसार झाल्यावर नवरा बायकोकडे असं बघत नाही. अस्तगावच्या पुरणपोळीला मान दिला असता, तर ही बाई या दारात उभी नसती, हे बहुतेक त्यांना पहिल्यांदाच उमगत होतं.

‘पुनं वर घाल, बाई,’ शेवटी ते म्हणाले. ‘त्याच्याखाली परभनी. चहावाल्याला शेवटी ठिव. त्याच्याकडं मी बघतो.’

पहिल्या फेरीत जवळचं कॉलेज मिळालं. मी सुटकेचा निःश्वास सोडला आणि ऋतुजाचा चेहरा उतरला. पण मिळालेली जागा हातात ठेवून वरच्या नावांसाठी थांबता येतं, असं तिने समजावून सांगितलं, तेव्हा दाजी एकदम खुलले. ‘म्हंजी हातचं ठिवून वरचं बघायचं? मंग ह्यो संगनक आपल्यातलाच हाय की.’ त्या दिवसापासून ते संगणकाचं नाव आदराने घेऊ लागले. दुसऱ्या फेरीत पुणे काही बोललं नाही. परभणीने मात्र होकार दिला.

आता जवळच्या कॉलेजला नकार कळवायचा होता. तो मोबाईलवर एक बटण दाबून झाला होता, पण दाजींच्या मते नकार समक्षच द्यायचा असतो आणि हातात पेढे घेऊन द्यायचा असतो. मला बरोबर नेऊन ते संचालकांसमोर बसले, पेढ्यांचा पुडा पुढे सरकवला आणि म्हणाले, ‘राग मानू नका. तुमच्यात काई खोट न्हाई. पन मुलगी दुसरीकडं दिली.’ संचालकांना कोणती मुलगी ते आठवेना. त्यांनी गोंधळून पुन्हा चहा मागवला. आम्ही निघालो, तेव्हा दाजींच्या मोबाईलमध्ये संचालकांच्या बिनलग्नाच्या मुलाचा फोटो, जन्मवेळ आणि आजोळचा पत्ता होता.

ऋतुजा परभणीला निघाली त्या दिवशी दाजी आणि अक्का कोल्हारच्या स्टँडवर आमच्याही आधी येऊन थांबले होते. दाजींनी तिला बाजूला घेतलं आणि ते प्रत्येक नव्या नवरीला जे सांगतात, तेच सांगितलं. ‘पयले पंधरा दिवस रडू येतं. त्याच्यात स्थळाचा दोष नसतो. पन त्याच्यापुढंबी आलं, तर बापाला फोन करू नको, मला कर. मी येऊन घिऊन जाईन.’ ती हसली आणि हसता हसताच तिने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. दाजी गोरेमोरे झाले. अक्का-दाजींना मूलबाळ नाही. दुसऱ्यांच्या एवढ्या पोरी त्यांनी वाटेला लावल्या, पण त्यांच्या स्वतःच्या घरातून निघालेली ही पहिलीच. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तरी ते पेरूची रिकामी पिशवी हातात धरून उभेच होते. पेरू तिला देऊन झाले होते की पिशवी घरून भरायचीच राहिली होती, हे त्यांना आठवत नव्हतं.

अलीकडे दाजींना पूर्वीइतकं कुणी विचारत नाही. पोरंपोरी मोबाईलवर आपलं आपण जुळवतात आणि गिरणीवर चौकशी करायला जाण्याची गरज कुणाला वाटत नाही. परवा राहात्याच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. एक जुना ओळखीचा माणूस भेटला आणि वर्षभरात किती जुळवली, असं त्याने विचारलं.

‘एकच,’ दाजी म्हणाले. ‘परभनीला दिली. घरचीच पोरगी.’

‘सुखी हाय का?’

‘लई. तिकडं जेली बरोब्बर जमतीया म्हनं.’

त्या माणसाला हे काही कळलं नाही, तरी त्याने मान डोलावली. मग त्याने सासरबद्दल विचारायचं म्हणून विचारलं, ‘आन् घर कसं हाय?’

दाजींनी बाजाराची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

‘घर लई मोकळं वाटतंय,’ ते म्हणाले.