आसरांची पाठवणी

दूध वर यायला आणि दारावर थाप पडायला एकच गाठ पडली. सुनीतीनं पदरानंच पातेलं उतरवलं, स्टोची हवा सोडली. मोरीपाशी दाढी करत बसलेल्या शामकांतनं तिथूनच विचारलं, "कोण आहे गं? बघ ना, माझ्या तोंडाला फेस आहे."

"तो रोजच असतो," म्हणत तिनं कडी काढली.

दारात गहिनीनाथ उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, अंगात बंडी, डोक्याला मुंडासं, आणि दोन्ही हातांवर, तान्हं मूल धरावं तसं, पिवळ्या फडक्यात बांधलेलं गाठोडं. खरं तर तो खाली पाण्याशी होडी घेऊन थांबायचा होता. जलाशयाच्या काठाकाठानं रोवलेले पातळीचे दगड पाहून यायचं काम शामकांतच्या गळ्यात पडलं होतं. पाटबंधारे खात्याची मोटरलाँच बिघडलेली, म्हणून गहिनीनाथची शिडाची होडी ठरवली होती. जाऊन यायला तीन-चार दिवस लागणार होते.

"साहेब येतायत हं बाबा. चहा टाकू?"

"च्या नगं ताई. मी तुमच्याकडंच आलोय." तो उंबऱ्याबाहेरच राहिला. "साहेबांसंगं तुमी बी चला. मला एक सवाष्ण पायजे."

शामकांत गालावर फेस तसाच ठेवून बाहेर आला. "अहो, पण माझीच का? सगळ्या तालुक्यात दुसरी नाही मिळाली?"

एरवी असल्या बोलण्यावर गहिनीनाथ खो खो हसायचा. आज नुसता गाठोड्याकडं बघत राहिला. "ह्यात साती आसरा हायेत, साहेब. आमच्या हिरीवरच्या. त्यांची वटी भरून माघारी पान्यात सोडायच्यात. गड्याच्या हातनं त्यांना चालत न्हाई."

"आणि गावातल्या बायका?" सुनीतीनं विचारलं.

"होडीत पाय ठेवत न्हाईत. वाकून बघितलं तर खाली आपलंच घर दिसंल, म्हनत्यात."

धरणाच्या वसाहतीत गहिनीनाथला न ओळखणारं कुणी नव्हतं. माणूस राहुरी तालुक्यातला, चिंचसांगवीचा, आणि ती चिंचसांगवी आता मुळा धरणाच्या पाण्याखाली होती. पोरवयात एका दुष्काळात तो खडी फोडायला घाटाखाली गेला. पाऊस पडल्यावर बरोबरचे परतले. हा मात्र कोकणात एका मचव्यावर, मालाच्या शिडाच्या जहाजावर, चढला, आणि चढला तो चढलाच. कौलं आणि मीठ भरून, काठ नजरेआड होऊ न देता, रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत दिवस दिवस शीड ओढायचं. पावसाळ्यात मचवे किनाऱ्यावर ओढून घेतले की हा घाट चढून घरी. समुद्र बंद झाला की शेत सुरू. उरलेलं वर्ष शेत त्याची बायको मनकर्णा बघायची. ती विहिरीत बुडून गेली तेव्हा तो समुद्रावर होता. त्यानंतर पोरीला, मुक्ताला, सांभाळायला तो घरी आला आणि पुन्हा घाट उतरला नाही. पुढं धरण झालं. गहिनीनाथ समुद्राला सोडून आला, पण समुद्रच त्याचा माग काढत गावापर्यंत आला, असं लोक म्हणायचे. त्यानं छगन सुताराकडून होडी करून घेतली. छगननं जन्मात बैलगाडीशिवाय काही केलं नव्हतं. होडीलाही दोन धुरा काढतो की काय, अशी सगळ्यांना धास्ती होती. पण होडी तरंगली, आणि पलीकडच्या वाड्यांची माणसं तिच्यातून ये-जा करायला लागली.

"गाव उठलं तवा ह्यांना मीच गाडीत घालून नव्या वसाहतीत नेलं," गहिनीनाथ सांगत होता. "लोक म्हनले, पान्याच्या देवी, पान्यातच ऱ्हाऊ द्या. मी ऐकलं न्हाई. तिथं हिरी खांदल्या, खाली नुसता खडक. ह्या कोरड्या पडल्या, ताई. तहानल्या. मुक्ताची दोन लेकरं गेली. आता तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आलेत, ती माझ्याच घरी हाय बाळंतपनाला."

सुनीतीनं दुधावर झाकण ठेवलं, कपाटातून खण काढले, शेजारच्या मालनबाईंकडं किल्ली दिली.

"बी.ए. झालीस तू," शामकांत चपला घालताना कुजबुजला.

"झाले ना. ओटी भरायला येणार नाही, असं कुठं लिहून दिलंय?"

*

सकाळचं वारं बरं होतं. दुष्काळी कामांवरच्या जुन्या तंबूचं कापड शिवून केलेलं शीड फुगलं आणि धरणाची भिंत मागं राहिली. गहिनीनाथ सुकाणू धरून काठाकाठानं चालला होता. मधूनच दगड आला की होडी कडेला घ्यायची, शामकांतनं उतरून वाकून बघायचं, "ठीक आहे" म्हणायचं, की पुढं. गाठोडं सुनीतीच्या मांडीवर होतं. सवाष्णीनंच धरायचं, असं त्यानं सांगितलं होतं.

आधी सुनीतीला मजा वाटली. मग तिनं गाठोडं जवळ ओढून धरलं. पाण्यातून वाळलेल्या बाभळी वर आल्या होत्या, पांढऱ्याफटक, आणि त्यांच्यावर एकही पाखरू बसत नव्हतं. एका ठिकाणी जुनी गाडीवाट माळावरून उतरून सरळ पाण्यात शिरली होती. चाकोऱ्या स्पष्ट. कुणीतरी आत्ताच गाडी हाकत आत गेलं असावं, अशी.

"बाबा, विहीर आणखी किती लांब? मनकर्णाबाई त्याच विहिरीवर..."

"ताई!" त्यानं हात वर केला. "बुडालेल्याचं नाव होडीत घ्यायचं नसतं. दर्यावरची रीत हाय. हाक दिली, असं वाटतं त्यांना."

तिन्हीसांजेला एका ओढ्याच्या तोंडाशी होडी लावली. तीन दगडांची चूल, पिठलं, भाकरी. जमिनीवर पाय टेकल्यावर गहिनीनाथ आपण होऊन बोलू लागला.

"बैल पाजायचे म्हनून मुक्ताची आई भर दुपारी हिरीवर गेली. दुपारची येळ आसरांची. घागर काठावर तशीच भरलेली, आन ही न्हाई. आमच्यात जिला आसरा नेत्यात, तिचा दगड त्यांच्या शेजारी मांडायचा. तिचा बी मांडला. साताला आठवी."

सुनीतीनं फडक्याची गाठ सोडली. हळदीकुंकवानं माखलेले, मुठीत मावतील असे गोटे. सातच होते.

"आठवा?"

"तो घरी हाय. देव्हाऱ्यात." हे म्हणताना त्याचा हात बंडीच्या आतल्या खिशाकडं गेला आणि मागं आला. "गाव उठलं तवा मला नुसता तिचाच न्यायचा हुता. पर ह्यांनी तिला एकटी सोडली नसती, म्हनून समद्याच नेल्या. तितंच चुकलं."

तेवढ्यात आवाज आला. धप्. धप्. धप्. दगडावर धुणं आपटावं तसा. काठावरून नव्हे, पार पाण्याच्या मधून. मध्येच थांबायचा, जणू कुणी कपडा पिळून बाजूला ठेवतंय. मग पुन्हा धप्.

"पलीकडच्या काठाचा असेल," शामकांत म्हणाला. "पाण्यावरून आवाज लांबवर येतो."

"असंल," गहिनीनाथ म्हणाला. त्यानं चुलीत आणखी काटक्या सारल्या.

सुनीतीनं गाठोडं झोपताना स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं. सकाळी उघडलं तर फडकं ओलंचिंब. पिळलं तर बोटांमधून पाणी गळलं. डबा बाहेरून कोरडा होता.

"घाम धरला असेल डब्यानं," शामकांत म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं म्हणावं असंही काही नव्हतं. सुनीतीनं फडकं काठावर वाळत घातलं आणि वळली, तर शीड बांधत असलेल्या गहिनीनाथच्या बंडीवर, डाव्या छातीशी, तळहाताएवढा ओला डाग दिसला. बाकी बंडी कोरडी.

"भिजलात का बाबा?"

"दंव पडलं हुतं," तो म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

तो दिवसही दगड बघण्यातच गेला. वारं कमी, उकाडा फार. सूर्य कलायला लागला तसा धुण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, या खेपेला जवळून, आणि त्यात बांगड्या वाजल्या. शामकांतनं कान टवकारले, पण पलीकडच्या काठाचं नाव काढलं नाही. बायकोच्या जवळ सरकून बसला नुसता. "तुला पोहता येतं का गं?" त्यानं हळूच विचारलं.

"लग्नात विचारायचं होतं. तुम्हाला?"

"मला तर नाहीच."

"मग बरं आहे, बरोबर जाऊ."

हसायला दोघांनाही आलं नाही.

*

तिसऱ्या दिवशी गहिनीनाथनं काठ सोडला. पहिल्यांदाच. डोंगराची खिंड आणि अलीकडच्या टेकाडावरचं एकुलतं एक झाड एका रेषेत येईपर्यंत तो होडी आत आत नेत राहिला. मग शीड उतरवलं आणि म्हणाला, "हितं."

ऐन दुपार होती. पाणी काचेसारखं, हिरवंगार. सुनीतीनं खाली वाकून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी एकदा बघितलं. काही दिसलं नाही. खोलात नुसता अंधार. पण तो अंधार गोल होता, आणि आजूबाजूच्या पाण्यापेक्षा काळा.

तिनं गाठोडं सोडलं. एकेका दगडाला हळदकुंकू वाहिलं, हिरव्या बांगड्या, खण, मूठभर तांदूळ. "सुखी ठेवा. मुक्ताचं लेकरू राखा," असं तिच्या तोंडून आपसूक निघत होतं. बी.ए.ला शिकलेलं काही त्या वेळी आठवलं नाही. दगड हातातून सुटला की पाण्यात शिरायचा, आणि आवाज व्हायचा नाही. बुडबुडाही नाही. शेवटच्या दगडाबरोबर दहीभाताचा द्रोण सोडला. तो मात्र तरंगत राहिला.

"झालं," गहिनीनाथ म्हणाला. "चला. मागं वळून बघू नगा."

त्यानं शीड चढवलं. तेवढ्यात कुठूनसं वारं सुटलं. अगदी हवं तसं, मागून. शीड फुगलं, डोलकाठी करकरली, दोर ताठ झाले. होडी हलली नाही.

दहीभाताचा द्रोण वाऱ्यानं लांब लांब जात दिसेनासा झाला. होडी होती तिथंच.

"खाली चिंच असेल एखादी, तिच्यात अडकली," म्हणत शामकांतनं लांब बांबू पाण्यात घातला. बांबू गेला, गेला, त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. काही लागलं नाही. त्यानं बांबू वर ओढून घेतला आणि गुडघ्यांवर आडवा धरून बसून राहिला. "मग वल्हं मारू या," तो म्हणाला. वल्हीही मारली. पाणी मागं गेलं, होडी नाही.

सुनीती गहिनीनाथकडं बघत होती. छातीशी तो डाग परत आला होता. तिच्या डोळ्यांदेखत वाढत होता. बंडीतून ओघळ निघाला, धोतरावर उतरला, आणि होडीच्या तळाशी थेंब थेंब पडायला लागला. त्यानं वर हात दाबून धरला. बोटांतून पाणी यायला लागलं.

"बाबा," ती म्हणाली, "तो देव्हाऱ्यात नाही ना?"

त्यानं दुसरा हातही छातीवर दाबला.

"त्यांनी तिला एकटी सोडली नसती, तुम्हीच म्हणालात. आताही सोडणार नाहीत."

"माझी हाय ती!" तो एकदम ओरडला. एवढा मोठा आवाज त्याचा कधी कुणी ऐकला नव्हता. "त्यांची न्हाई. माझी हाय. आठ आठ महिने मी दर्यावर, आन ती हितं नांगर धरायची. मला तिच्यासंगं ऱ्हायलाच कवा मिळालं? आता कुठं मिळालं, तर ह्या..." त्यानं पाण्याकडं बघितलं, आणि पुढचं गिळलं.

शीड फडफडलंही नाही, तसंच टम्म फुगलेलं. खालून, अगदी फळीच्या खालून, तळाला कुणीतरी हलकेच थाप मारली. धप्. मग पुन्हा. दारावर मारावी तशी.

शामकांतनं पाय वर घेतले.

"बाबा," सुनीती हळू म्हणाली, "मुक्ताचे दिवस भरलेत."

मग मुंडासं काढून त्यानं मांडीवर ठेवलं. खिशात हात घालून दगड काढला. बाकीच्यांपेक्षा लहान, हातानं फिरवून फिरवून गुळगुळीत झालेला, आणि आता ओला, थंडगार. तो त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसला. पुसला तरी भिजला. पुन्हा पुसला.

सुनीतीनं स्वतःच्या हातातल्या दोन हिरव्या बांगड्या उतरवल्या. कुंकवाची कुयरी उघडली. दगड घ्यायला ओंजळ पुढं केली.

त्यानं दगड तिच्या ओंजळीत ठेवला, पण हात लगेच काढला नाही. आणि होडीत घ्यायचं नसतं ते नाव त्यानं घेतलं.

"ताई, मनकर्णेला हळू सोडा. तिला पवता येत न्हवतं."