चार मार्कांचं रसग्रहण

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षं दहावीच्या मुलांना मराठी शिकवतोय. शिकवतो म्हणजे नोट्स सांगतो. कवितेच्या रसग्रहणाला चार मार्क असतात आणि ते कसे मिळवायचे हे मला झोपेतही सांगता येईल. आधी विषय, मग मध्यवर्ती कल्पना, एखादा अलंकार आणि शेवटी संदेश. संदेश आशावादीच हवा. स्वतःचं डोकं चालवलंत तर मार्क जातील, असं मी पहिल्याच दिवशी बजावतो.

बायको हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकायची. पोळ्या लाटता लाटता तिला माझ्या नोट्स पाठ झाल्या होत्या. मी कुठे अडलो की आतून पुढचं वाक्य यायचं आणि मुलं खो खो हसायची. मला राग यायचा, पण वाक्य बरोबर असायचं.

गेल्या वर्षी माघात तिची केमो थांबवली. "आता घरीच आराम करू द्या," डॉक्टर म्हणाले. त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला, पण त्याबद्दल एकमेकांशी बोलायला कोणीच तयार नव्हतं. मी तर उत्साहाचं सोंगच घेतलं. उन्हाळ्यात कोकणात जाऊन येऊ, म्हणालो. ती "बरं" म्हणाली.

बोर्डाची परीक्षा तोंडावर होती, म्हणून शिकवणी चालूच ठेवली. एका दुपारी मुलांकडून बहाव्यावरच्या एका कवितेची उजळणी करून घेतली. मुलं गेल्यावर आतून हाक आली.

"अहो, इकडे या जरा. ती झाडाची कविता मला वाचून दाखवा. इतकी वर्षं नोट्सच ऐकल्या, कविता कुठे ऐकलीय?"

पलंगाशेजारी खुर्ची ओढून मी वाचली. छोटीशीच आहे. झाडाची पानं गळतात, मग एक दिवस ते अंगभर पिवळं होतं. कवी घाईत असतो. उद्या येऊन नीट बघू, म्हणतो. तो येतो तेव्हा फुलं मातीत पडलेली असतात. शेवटच्या दोन ओळींत पुढचा वसंत येतो.

"म्हणजे काय हो?" तिने विचारलं.

मी घसा खाकरला. लाज वाटते सांगायला, पण खरंच खाकरला. "कवीला येथे असे सुचवायचे आहे की, ऋतुचक्र अटळ असून प्रत्येक पानगळीमागे नवी पालवी दडलेली असते. म्हणून माणसाने दुःखाने खचून न जाता..." असं शेवटपर्यंत म्हणून दाखवलं.

"चारपैकी चार," ती म्हणाली. मग माझा हात हातात घेतला. "गाईड मुलांसाठी ठेवा. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा ना."

ती कवितेबद्दल विचारत नव्हती, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. तिला माझ्याबरोबर एकदा मोकळं रडायचं होतं. पण "चहा टाकतो," म्हणून मी उठलो.

चहा घेऊन आलो तर तिने डोळे मिटले होते. झोपली होती की नाही, देव जाणे. पुन्हा तिने विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही. बाराव्या दिवशी ती गेली.

भेटायला येणारे म्हणत, सृष्टीचा नियमच आहे, कोणाला चुकलाय? मागे राहिलेल्यांनी सावरायचं असतं. एकेकाला घराबाहेर काढावंसं वाटायचं. पण कोणत्या तोंडाने काढणार? मी मान डोलवून पाणी विचारायचो.

यंदाही ती कविता मी नोट्सप्रमाणेच शिकवली. मुलांचे मार्क कशाला घालवू? पण मला त्या कवीचा आता हेवा वाटतो. त्याला निदान माहीत नव्हतं की फुलं दुसऱ्या दिवशी नसतील. मला माहीत होतं. बारा दिवस ती आतल्या खोलीत होती, शुद्धीवर होती, तिने स्वतःहून विचारलं होतं. आणि "मला भीती वाटते, तू जाऊ नकोस," एवढंही मी तिला सांगितलं नाही.