पूजाच्या खोलीतला लसूण

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आमचे मालक होते तेव्हा हे घडलंच नव्हतं, आणि घडलं तेव्हा सांगायला घरात माणूस नव्हतं — असं म्हणून मी स्वतःला समजावत आले. पण ते काही खरं नाही. शेजार होता, देवळात बायका भेटत होत्या, लेकाचा फोन येत होता. बोलायला तोंड होतं. उघडलं नाही, एवढंच.

आधी कुलपांचं सांगते. तुम्हाला वाटेल, ही बाई मूळ गोष्ट सोडून भलतीकडेच चालली — पण मला तिथूनच यावं लागतं, दुसरी वाट नाही.

मला किल्लीशिवाय कुलूप उघडता येतं.

लग्न होऊन जांब्याला आले, तेव्हा सासूबाई कोठीच्या खोलीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचायच्या. गूळ, शेंगदाणे, तूप, सगळं आत. दिवसभर राबायचं मी, आणि गुळाचा खडासुद्धा मागून घ्यायचा. एकदा त्या माले गावी लेकीकडे राहायला गेल्या. मी मोडक्या छत्रीची तार काढली, पाट्यावर घासून चपटी केली आणि दारापुढे बसले. ते कुलूप जुनं, लोखंडी, भारी हट्टी. त्यानं मला लई दमवलं. मग एका दुपारी आतलं काहीतरी हलल्यासारखं बोटांना कळलं — लेकराचा दुधाचा दात हलतो ना, अगदी तेवढंच. गुळाचा खडा खाल्ला आणि कुलूप परत लावलं. सासूबाईंना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. हा माझा गुन्हा नव्हे. हे आठवलं की मला अजून हसू येतं.

आताच्या कुलपांना तेवढा वेळ लागत नाही. दुकानात टांगलेली असतात बघा, चकचकीत, हाताला जड, वर ठसठशीत अक्षरं. माणसाला वाटतं, काय मजबूत चीज आहे. कानाशी धरून हलवा — आत खुळखुळतं. जे खुळखुळतं ते चहाला उकळी येईपर्यंतही दम धरत नाही. पितळेचं छोटं तर त्याहून भोळं. काही थोडी कुलपं खरंच दाद देत नाहीत. ती महाग असतात आणि दिसायला अगदीच साधी. माणूस दिसणं बघून घेतो, आणि घराला लावून निर्धास्त कामाला जातो.

आमची जमीन कंपन्यांसाठी गेली, तिच्या पैशातून मालकांनी ओळीनं खोल्या बांधल्या. पुढे ओटा, एका टोकाला आमचं घर. मालक गेले. लेक बाणेरला फ्लॅटमध्ये — लांब नाही, पण येणं होत नाही. फोनवर विचारतो, "जेवलीस का?" मी हो म्हणेपर्यंत ठेवायची घाई असते त्याला. सकाळी सगळे भाडेकरू हिंजवडीकडे निघून जातात, आणि मग ओट्यावर उरतं काय? बंद दारांची रांग आणि प्रत्येक दाराला लटकलेलं एकेक कुलूप. दुपारी मी माझ्या घरात खोकले तर तो खोकला मला परत ऐकू येई.

पहिल्यांदा आत गेले ते चांगल्या कामासाठी. एका खोलीत दोघं भाऊ भाड्यानं राहायचे, त्यांचा नळ उघडा राहिला होता, पाणी दाराखालून ओट्यावर आलं. तार घेतली, कुलूप काढलं, नळ बंद केला. निघून यायचं होतं ना? मी कॉटवर बसले. दोरीवर ओले टॉवेल, ताटात अर्धी पोळी, भिंतीवर कुणा आईबापाचा फोटो. माणसांचा वास होता खोलीत. किती तरी दिवसांनी मला कुणाच्या घरी गेल्यासारखं वाटलं.

मग मी जातच राहिले. आज ही खोली, उद्या ती. चोरी नाही केली कधी, कागदाला हात नाही लावला — पण हे मी कुणाला ऐकवतेय? बंद घरात शिरले, ते शिरलेच.

आणि एक गोष्ट याहून वाईट. पूजा आणि तिचा नवरा राहायला आले, बिहारकडची पोरं. ती पोरगी ओट्यावर मला दोन कुलपं दाखवायला घेऊन आली. एक साधं, न खुळखुळणारं. दुसरं पितळेचं, छोटं. कोणतं ठेवू, विचारलं तिनं. मी दोन्ही हातात घेतली, मला लगेच कळलं. म्हणाले, "हे छोटं ठेव गं, ते दुकानात परत दे. हितं कसली भीती न्हाई." ती हसली. आजी म्हणाली मला — आणि तेच पितळेचं कुलूप काढून मी रोज तिच्या घरात शिरू लागले.

तिच्याकडेच मी जास्त जायची. नवरा रात्रपाळीहून आला की थोडा वेळ झोपून दुसऱ्या कामाला जायचा, ती एका ऑफिसात साफसफाईला. दुपार मोकळी. मोरीशेजारी टोपलीत लसूण असायचा. एके दिवशी मी तिथे बसले, मनातल्या मनात तिच्याशी बोलत होते — माहेर कुठं, सासू कशी, असलंच काहीतरी — आणि हात रिकामे कसे राहावेत? जन्मभर बोलता बोलता बायका निवडतात, सोलतात. भानावर आले तेव्हा वाटी भरली होती. फोलपटं गोळा करून फेकली मी. सोललेला लसूण परत कसा झाकणार? तशीच वाटी ठेवून आले.

दुसऱ्या दिवशी रविवार, सगळे घरी. पूजा वाटी हातात घेऊन ओट्यावर उभी. "आजी, कोई अंदर आता है." आवाज एवढासा. माणसं जमली. गेलं काय? काहीच नाही. दोघा भावांतला धाकटा म्हणाला, "भूत दिसतंय, पण कामसू आहे." हशा झाला. मग कुणीतरी म्हणालं, दिवसभर इथे असतं कोण? ती वाडीवरची.

वाडीवरची म्हणजे हिराबाई. डोंगराकडच्या वाडीतून चालत यायची, ओटा झाडायची, कुणाकुणाचे कपडे धुवायची. तेवढ्यात ती आलीच. तिला विचारलं तेव्हा तिनं झाडू कमरेला टेकवला.

"चोर आला आन् लसूण सोलून गेला? मंग रोज येऊ द्या की त्याला. मी काय हिची सासू हाय, हिचा लसूण सोलाया?"

लोक पुन्हा हसले. मला वाटलं, सुटले. पण पूजा रडायला लागली. नवरा रात्री नसतो, मला इथे झोप येणार नाही, म्हणाली. मग कुणी हसेना. सगळे हिराबाईकडे बघायला लागले, आणि हिराबाई माझ्याकडे वळली.

"आजी, तुमी दिसभर हितंच असता. तुमी सांगा की. मी कदी कुनाच्या कुलपाला हात लावला का?"

माझे हात पदराखाली होते. बोटांना आदल्या दिवशीच्या लसणाचा वास होता — राखेनं घासूनही गेला नव्हता. एक वाक्य बोलायचं होतं. मीच, म्हणायचं होतं. निदान नाही, तिनं नाही, एवढं तरी.

मी म्हणाले, "माझं लक्ष नसतं गं बाई."

तिनं कमरेला टेकवलेला झाडू खाली घेतला. तिला कळलं होतं का? मला अजून सांगता येत नाही. "व्हय," म्हणाली, "वय झालं तुमचं." झाडू माझ्या उंबऱ्याशी उभा केला आणि निघून गेली, ती परत कामाला आली नाही. पलीकडच्या खोल्यांचा ओटाही तीच झाडायची; तिथल्या मालकिणीनं मला विचारलं, हिराबाईला का काढलं? तेव्हा तरी? "बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा," म्हणाले मी. तिथलंही काम तिचं सुटलं.

पूजाच्या नवऱ्यानं नवं कुलूप आणलं, साधं, न खुळखुळणारं. आणि मी, एवढं सगळं होऊनही, थोड्या दिवसांनी एका दुपारी तार घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले. हात भरून आला, तार वाकली. नाही उघडलं. तरी पूजाला ती खोली मानवली नाहीच. महिना भरला तशी दोघं सोडून गेली.

मागच्या उन्हाळ्यात घोटावड्याच्या फाट्यावर हिराबाई दिसली, करवंदांची पाटी घेऊन बसलेली. वाळली होती. मला ओळखलं, पानाच्या द्रोणात करवंदं भरून दिली.

"ती पोरगी निजती का आता?" तिनं विचारलं.

"निजते की," मी म्हणाले. हेही खोटं.

माझं लक्ष नसतं, असं मी चारचौघांत म्हणाले होते. हिराबाईच्या एका चपलेचा पट्टा सुतळीनं बांधलेला असायचा. ओटा झाडताना प्रत्येक दारापुढे ती झाडू आडवा धरून पुढे सरकायची, कुलपाला धक्का लागू नये म्हणून. कधी लागला नाही. मी खिडकीतून बघत असायची. रोज.